पूल फ्रीडायव्हिंगसाठी वेटसूट किती जाड घ्यावा: प्रकल्प नोंदी

४ जानेवारी

आमच्या फ्रीडायव्हिंगच्या, म्हणजे एका श्वासावर पाण्याखाली राहण्याच्या, सराव गटासाठी वेटसूट (अंगाला घट्ट बसणारे फेसाच्या रबराचे सूट) घ्यायचे आहेत आणि किती मिलिमीटरचे घ्यायचे यावर एकमत होत नाही. समुद्रात उतरणारे बेलाशक ३ किंवा ५ सांगतात. डायनॅमिकवाले, म्हणजे एका श्वासात पाण्याखालून आडवं अंतर कापणारे, दीडच्या वर जायला तयार नाहीत. पोहण्यातून इकडे आलेल्यांचा प्रश्न आणखी सरळ आहे: पूलचं पाणी कोमट असतं, मग सूट हवाच कशाला? ओळखीच्या मंडळींकडून १.५, २, ३ आणि ५ मिमीचे सूट उसने मिळाले आहेत. पुढचे दोन महिने ते आलटून पालटून घालायचे, स्टॅटिक (न हलता तरंगत श्वास रोखणं) आणि डायनॅमिक दोन्ही करायचं आणि जे दिसेल ते इथे लिहायचं, असं ठरलं आहे. ऑर्डर या नोंदी बघूनच जाईल.

पोहणाऱ्यांचा प्रश्न आधी घेतो, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे. आमच्या पूलचं पाणी २७ अंश सेल्सिअस असतं. पोहण्याच्या स्पर्धांसाठी पाणी २५ ते २८ अंश ठेवायचा नियम आहे, आणि जोरात हातपाय मारणाऱ्याला ते योग्यच आहे, कारण त्याचे स्नायू सतत उष्णता तयार करत असतात. फ्रीडायव्हर मात्र स्नायू शक्य तितके कमी वापरायला शिकतो. उघड्या अंगाने पाण्यात निवांत पडून राहिलेल्या माणसाला थंडीही वाजू नये आणि गरमही होऊ नये, असं पाणी साधारण ३३ ते ३५ अंशांचं असतं. पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेतं. म्हणजे २७ अंशांचं तेच पाणी, पोहणाऱ्याला सुखाचं आणि स्टॅटिक करणाऱ्याला थंड. सूट लागतो. किती जाड, एवढंच बघायचं आहे.

१० जानेवारी

आज कोणत्याही सूटची तुलना केली नाही. सत्रातला वेळ नेमका जातो कुठे, ते घड्याळ लावून पाहिलं. डायनॅमिकच्या सत्रात एक डाइव्ह दीड-दोन मिनिटांत आटोपते. मग भिंतीला टेकून पाच-सात मिनिटं विश्रांती, श्वास शांत करणं, आणि पुन्हा पुढची. बडीच्या, म्हणजे सोबत राखण करणाऱ्या जोडीदाराच्या, डाइव्हच्या वेळी तर आपण फक्त त्याच्यासोबत असतो, अंगाला काहीच काम नाही. सगळं जमेस धरलं तर पाण्यातला बराचसा वेळ आपण उभे असतो, तेही खांदे पाण्याबाहेर आणि बाकी अंग पाण्यात.

थंडीही तिथेच वाजते. डाइव्ह चालू असताना मला थंडी वाजल्याचं आठवत नाही. आधी दंडांवर काटा येतो, मग खांदे नकळत कानांकडे चढतात, जबडा आवळला जातो. कुडकुडायला लागायच्या कितीतरी आधी पोट घट्ट झालेलं असतं. अशा अंगाने घेतलेला शेवटचा श्वास पूर्ण भरत नाही. पाण्याखाली गेल्यावर काँट्रॅक्शन्स, म्हणजे श्वासपटलाचे झटके, लवकर सुरू होतात आणि आपण म्हणतो, आज दिवस बरा नाही.

कुडकुडणं म्हणजे स्नायूंनी उष्णतेसाठी केलेलं काम, आणि त्याला ऑक्सिजन लागतो. जोराच्या कुडकुडण्यात विश्रांतीच्या कित्येक पट ऑक्सिजन खर्च होतो. श्वास रोखून बसलेल्याला हे परवडणारं नाही. थंडीने आणखी एक होतं: हातापायांच्या रक्तवाहिन्या आक्रसतात, रक्त मधल्या भागात जमतं आणि मूत्रपिंडं ते जादा पाणी समजून बाहेर टाकायला लागतात. मधेच लघवीला पळावं लागतं ते त्यामुळे, आणि ओलं अंग घेऊन बाहेर गेलं की उरलीसुरली ऊबही जाते.

पुढच्या सगळ्या चाचण्यांत डाइव्हइतकंच भिंतीजवळच्या वेळाकडेही लक्ष द्यायचं, असं जोडीदाराशी ठरवलं. त्याला दोन रकान्यांची वही करायला सांगितली आहे: एक पाण्याखालचा, एक भिंतीचा.

१३ जानेवारी

आज कागदावरचं काम. मला हा भाग मनापासून आवडतो, कारण इथे वादाचं निम्मं उत्तर सापडतं.

वेटसूट ऊब देतो तो आत शिरलेल्या पाण्यामुळे, असं सर्रास सांगितलं जातं: पाण्याचा पातळ थर अंगाने तापतो आणि तो आपल्याला गरम ठेवतो. तापतो हे खरं, पण ऊब टिकवायचं काम निओप्रिनच्या, म्हणजे सूटच्या रबराच्या, फेसात अडकलेले वायूचे बारीक बुडबुडे करतात. बर्कलीचे भौतिकशास्त्रज्ञ ह्यू ब्रॅडनर यांनी १९५२ च्या सुमारास हेच ओळखलं: कापडातच हवा अडकलेली असेल तर माणूस कोरडा राहिलाच पाहिजे असं नाही. आतल्या पाण्याने फक्त एक पथ्य पाळायचं, जागचं हलायचं नाही. सूट ढगळ असला की दर हालचालीला आतलं पाणी बदलतं, आणि मग जाडी कितीही असो, काही उपयोग नाही.

आता आकडे. फेसाच्या निओप्रिनची उष्णतावाहकता सुमारे ०.०५ वॅट प्रति मीटर प्रति अंश धरली, आणि डोकं, हात, पाऊल सोडून सूटने झाकलेलं अंग १.७ चौरस मीटर. त्वचा ३० अंशांपर्यंत थोडी निवली आहे आणि पाणी २७ अंश आहे असं मानलं, तर ३ मिमीमधून साधारण ८५ वॅट उष्णता बाहेर जाते. १.५ मिमीमधून त्याच्या दुप्पट, १७०. ५ मिमीमधून ५० च्या आसपास. शांत पडलेला माणूस तयार करतो जेमतेम १०० वॅट.

याचा अर्थ असा की २७ अंशांच्या पाण्यात ३ मिमी घालून पडून राहिलं, तर त्वचा जराशी थंड होऊन हिशोब तिथेच जुळतो. दीडमध्ये तो जुळत नाही. तूट भरून काढायला हालचाल हवी किंवा त्वचा आणखी थंड व्हायला हवी. पाचमध्ये तयार होणाऱ्या उष्णतेच्या निम्मीच बाहेर जाते, म्हणजे बाकीची अंगात साठते. उघडं डोकं, हात आणि श्वासावाटे जाणारी उष्णता यात धरलेली नाही, आणि सूट अंगावर ताणला की पातळही होतो. पण दिशा दाखवायला एवढं पुरेसं आहे.

समुद्रातला सल्ला पूलला का लागू पडत नाही, तेही याच कागदावर दिसतं. १० मीटर खोलीवर दाब दुप्पट होतो, बुडबुडे निम्म्यावर येतात आणि सूटची ऊबही त्या प्रमाणात घटते. शिवाय खाली पाणी बहुधा जास्त थंड असतं. म्हणून ते लोक मुळातच जाड सूट घेतात. पूलच्या दोन मीटरांत दाब वाढतो तो फक्त एक पंचमांश. इथे घेतलेली जाडी जवळपास पूर्ण जाडीच मिळते.

१९ जानेवारी

सूट पाण्यात तोलले. जाळीच्या पिशवीत सूट भरायचा, पाण्याखाली दाबून दाबून सगळी हवा काढायची (बाहीत अडकलेली हवा फार फसवते, बाह्या उलट्या करून पिळाव्या लागतात), मग पिशवीत एकेक शिशाचं वजन टाकत जायचं. पिशवी बुडू की तरंगू अशा बेतात आली की थांबायचं.

दीडच्या सूटला दोन किलोंच्या थोडं वर शिसं लागलं. तीनच्या सूटला साडेचारच्या आसपास. पाचचा सूट दोन तुकड्यांचा आहे, वर टोपीसकट जॅकेट आणि खाली खांद्यापर्यंत येणारी पँट, म्हणजे छाती-पोटावर तो दुहेरी पडतो. त्याला जवळजवळ नऊ किलो.

हिशोबानेही हेच येतं. १.७ चौरस मीटर गुणिले १.५ मिमी म्हणजे अडीच लिटर फेस. एक लिटर फेस एक किलो पाणी बाजूला सारतो आणि स्वतः साधारण पाव किलोच्या आतच भरतो, म्हणजे लिटरमागे पाऊण-एक किलोचा जोर वरच्या दिशेने. तो मोडायला शिसं थोडं जास्तच लागतं, कारण शिसंही आपल्या आकारमानाएवढं पाणी सारतं: एक किलो शिशाचं पाण्यातलं वजन भरतं ९१० ग्रॅम.

वहीत आज ठळक लिहून ठेवलं: प्रत्येक वाढीव मिलिमीटरमागे दीड किलो शिसं. ऊब फुकट मिळत नाही, ती अंगावर वागवावी लागते. स्टॅटिकमध्ये शिसं लागतच नाही, त्यामुळे तिथे ही किंमत शून्य. डायनॅमिकमध्ये ती पूर्ण मोजावी लागते. एकच सूट दोन्हींसाठी घ्यायचा विचार मला इथेच डळमळीत वाटायला लागला.

२४ जानेवारी

स्टॅटिक. आधी ३, मग ५, मग पुन्हा ३.

स्टॅटिकमध्ये डायव्हर पालथा तरंगतो. चेहरा पाण्यात आणि पाठ पाण्याबाहेर. ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते, पण सूट निवडताना कुणाच्या मनात येत नाही. ओल्या पाठीवरून हॉलमधली हवा फिरत असते आणि डायव्हर तिथे कितीतरी मिनिटं हलत नाही. स्टेफान मिफ्सूद यांनी २००९ मध्ये ११ मिनिटं ३५ सेकंद श्वास रोखला, तो विक्रम एआयडीए या फ्रीडायव्हिंगच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नोंदीत आहे. एवढा वेळ सोडा, त्याच्या निम्मा वेळ जरी मानेपासून टाचेपर्यंत प्रत्येक स्नायू सैल ठेवायचा असेल, तर अंगात कुठेही थंडी उरलेली चालत नाही.

३ मिमीमध्ये आधीच्या सगळ्या तयारीच्या श्वासरोधांपर्यंत ऊब टिकली. शेवटच्या, मोठ्या प्रयत्नाच्या आधी पावलं थंड पडली होती. पातळ मोजे चढवल्यावर तेही गेलं.

५ मिमीमध्ये ऊब भरपूर, पण दोन गोष्टी खटकल्या. एक म्हणजे गरम झालं. तयारीच्या वेळी, म्हणजे नाडी खाली यायला हवी तेव्हा, ती खाली येईना. त्वचा तापली की शरीर तिकडे रक्त पाठवतं आणि हृदयाचं काम वाढतं. आपल्याला हवं असतं ते नेमकं याच्या उलट.

दुसरी गोष्ट छातीची. शिवणकामाची टेप घेऊन बरगड्यांचा घेर मोजला: पूर्ण श्वास भरून, आधी सूटशिवाय आणि मग सूट घालून. पाचच्या दुहेरी सूटमध्ये घेर दीड सेंटीमीटरने कमी भरला. एवढीशी तफावत, पण श्वासाचा शेवटचा घोट याच दीड सेंटीमीटरमध्ये असतो. तीनमध्ये फरक टेपवर दिसला नाही. हे सूट मऊ, ओपन सेल असलेले, म्हणजे आतून कापड नसलेल्या उघड्या फेसाचे होते. आतून कापड लावलेला जुना ३ मिमी सूट जोडीदाराने घालून पाहिला, तो या मऊ पाचपेक्षाही जास्त आवळत होता. तेव्हा छाती मोकळी राहते की नाही हे एकट्या जाडीवर ठरत नाही, रबर किती ताणतं यावरही ठरतं. टेप सोबत ठेवायची आणि विकत घेण्याआधी मोजायचं.

गळ्याबद्दल वेगळं लिहायला हवं. गळपट्टी घट्ट असेल तर मानेच्या दोन्ही बाजूंच्या मोठ्या धमन्यांवर दाब येतो. तिथे रक्तदाब जोखणारी जागा असते, ती दाबली गेली की नाडी आणि रक्तदाब एकदम खाली येतात आणि भोवळ येऊ शकते. नाडी उतरलेली पाहून कुणी खूश होईल, पण हे उतरणं विश्रांतीचं नव्हे. गळ्यात बोट सहज सरकलं पाहिजे. नाही सरकलं तर तो सूट परत करायचा, मग बाकी कितीही छान बसो.

३१ जानेवारी

डायनॅमिक, बायफिन्स (दोन पायांना दोन वेगळे फिन) आणि विदाउट फिन्स (फिनशिवाय) दोन्ही. आजची नोंद लांब होणार.

आधी समतोल. छातीत ६ लिटर हवा भरली की वरचं अंग तरंगतं आणि पाय बुडतात. म्हणून मानेभोवती नेक वेट घालतात, म्हणजे वजन फुप्फुसांच्या जवळ येतं. आता सूट घातला की पायांवरही फेस येतो आणि पाय वर उचलले जातात. दीडमध्ये हे उचलणं अगदी हवं तेवढंच झालं: भिंतीला ढकलून हात पुढे जोडून निघालो की टाच, कंबर आणि मनगट एका रेषेत. जोडीदार पाण्याखालून बाजूने बघत होता, त्याने अंगठा आणि तर्जनी जुळवून दाखवली. नेक वेट दोन-सव्वादोन किलो.

तीनमध्ये पाय इतके वर आले की फिनची पाती वरच्या किकला पृष्ठभाग फोडायला लागली. पाण्याऐवजी हवेला मारलेली किक वायाच जाते. उपाय म्हणून नेक वेट वाढवलं तर डोकं खाली आणि पाय आणखी वर. शेवटी वजन वाटून द्यावं लागलं, काही मानेला, काही कमरेला. जुळलं, पण अंगावर एकूण साडेचार किलो झालं.

वजन वाढलं तर पाण्यात काय बिघडतं, असं एकीने विचारलं, कारण तोलून-मापून सगळं शून्यच होतं ना? तरंगण्या-बुडण्यात शून्य होतं. वेग घेताना नाही. भिंतीला प्रत्येक वेळी शरीर, सूट आणि शिसं या सगळ्यांना नव्याने गती द्यावी लागते. माटेउश मालिना आणि योर्गोस पानागियोटाकिस यांनी २०१६ मध्ये फिनलंडमधल्या तुर्कू इथे मोनोफिनवर (दोन्ही पायांना मिळून एकच रुंद फिन) ३०० मीटर गाठले. तेवढ्या अंतराला ५० मीटरच्या पूलमध्ये ५ वळणं येतात आणि २५ मीटरच्या पूलमध्ये ११. आमचा पूल २५ चा. जड अंग एकदा सुटलं की ग्लाइड, म्हणजे हातपाय न मारता पुढे सरकत राहणं, लांबतो हे खरं आहे, आज तीनमध्येही ते जाणवलं. पण दर वळणाला मांड्यांनी दिलेला धक्का मोठा लागतो, आणि मांड्या ऑक्सिजन खाण्यात सगळ्यांच्या पुढे.

तिसरी बाब खोली धरून राहण्याची. दोन मीटरवर फुप्फुसातले ६ लिटर ५ होतात, म्हणजे एक किलोचा उचल जातो. सूटमधला वायूही दबतो: तीनमध्ये जास्तीत जास्त ७०० ग्रॅमचा उचल जाईल, दीडमध्ये त्याच्या निम्मा. त्यामुळे जाड सूटमध्ये जरा खाली गेलं की जास्त बुडतो आणि जरा वर आलं की जास्त तरंगतो. मनगट सारखं कलतं करून खोली सावरावी लागते, आणि प्रत्येक सावरण्यात थोडा वेग जातो. दीडमध्ये एक मीटरवर सोडलं तर लेनच्या शेवटपर्यंत तिथेच राहता आलं.

विदाउट फिन्समध्ये तीनचा विषय लगेच संपला. हात डोक्यावर ताणून जोडले की खांद्याचं रबर ते खाली ओढत राहतं. ग्लाइडच्या वेळी अंगाने काहीही करू नये अशी अपेक्षा असते, आणि इथे दोन्ही दंड हात वर टिकवून धरायला झटत असतात. शिवाय प्रत्येक स्ट्रोकला रबर ताणायचं ते वेगळंच. दोनचा सूट, जर खांद्याचा भाग मऊ रबराचा असेल, तर चालतो. दीड त्याहून बरा.

आता वहीचा भिंतीचा रकाना. दीडमध्ये सत्राच्या उत्तरार्धात मी थंड पडलो. पाण्याखाली सगळ्यांत चांगला सूट आणि भिंतीजवळ सगळ्यांत वाईट. जोडीदार माझ्यापेक्षा सडपातळ आहे, त्वचेखालची चरबी नावालाच. तो माझ्या बराच आधी काकडायला लागला. एकाच पूलमध्ये, एकाच सूटमध्ये दोन माणसांचं उत्तर वेगळं येतं, हे ऑर्डर देताना लक्षात ठेवायचं.

१ फेब्रुवारी

पाय आज दुखतायत. नोंद एवढीच की ५ मिमीमध्ये डायनॅमिक करून बघणार नाही. नऊ किलो शिसं अंगावर घेण्यात कुणाचंच हित नाही.

८ फेब्रुवारी

दीडचा प्रश्न भिंतीजवळ आहे, तर तो भिंतीजवळच सोडवता येतो का, हे बघायचं होतं.

आधी बाहेरचा पृष्ठभाग. दीडचे दोन सूट आहेत, एक बाहेरून गुळगुळीत स्मूथस्किन आणि एक बाहेरून नायलॉनचं कापड लावलेला. पाण्यात दोघांत फारसा फरक नाही. खांदे पाण्याबाहेर काढून उभं राहिलं की फरक कळतो. कापड पाणी धरून ठेवतं आणि ते पाणी हवेत उडत राहतं. एक ग्रॅम पाणी उडायला जवळपास २.४ किलोज्यूल उष्णता लागते आणि तिचा काही भाग आपल्या अंगातून जातो. स्मूथस्किनवरून पाणी घरंगळून जातं, उडायला काही उरतच नाही. हॉलचा पंखा चालू होता त्या कडेला दोघं शेजारी उभे राहिलो आणि सूट बदलून पुन्हा उभे राहिलो. दोन्ही वेळा कापडवाला आधी काकडला. हेच पाठीबाबत स्टॅटिकलाही लागू.

स्मूथस्किन नाजूक असतो. नखाने फाटतो, पूलच्या खडबडीत कडेवर घासला तर ओरखडतो. सूट चढवताना बोटांच्या पेरांनी धरून वर सरकवायचा, नखं लावायची नाहीत, आणि कडेवर बसायचं तर खाली टॉवेल. एवढी काळजी घेणाऱ्यालाच तो द्यावा.

मग टोपी. थंडी वाजली की हातापायांच्या रक्तवाहिन्या आक्रसतात, पण डोक्याच्या त्वचेच्या फारशा आक्रसत नाहीत. तिथून उष्णता जातच राहते. पातळ टोपी घातल्यावर दीडमध्येच सत्र बरंच लांबलं. फक्त टोपीने कपाळ झाकू नये. चेहऱ्याला, विशेषतः कपाळ आणि डोळ्यांभोवती, पाण्याचा गारवा लागला की नाडी उतरते. ती मदत आपल्याला हवी असते.

सगळ्यांत उपयोगी पडलं ते सगळ्यांत साधं: भिंतीजवळ आलं की दीडवर ३ मिमीचं बिनबाह्यांचं जाकीट चढवायचं, पुढून चेन असलेलं, आणि डाइव्हच्या आधी काढून कडेवर ठेवायचं. हेच जाकीट आतून कायमचं घालावं असं सुचवलं गेलं. ते करून पाहिलं आणि सोडून दिलं, कारण छातीवरचा फेस नेमका तिथे उचल देतो जिथे फुप्फुसांमुळे तो आधीच जास्त आहे, मग नेक वेट वाढवावं लागतं. ऊब वाढवायची तर पायांवर वाढवली तर समतोलाला मदत होते, छातीवर वाढवली तर बिघडतो.

१५ फेब्रुवारी

बचावाचा सराव, सूट घालूनच. याशिवाय कुठलाही सूट यादीत घ्यायचा नाही.

तीन गोष्टी टिपल्या. ओला स्मूथस्किन हातातून सटकतो, सूट चढवायला आतून साबणपाणी लावलेलं असेल तर आणखीच. दंडाला धरून ओढायला गेलं तर पकड बसत नाही. एक हात हनुवटीखाली आणि दुसरा डोक्यामागे, याच पद्धतीने चेहरा पाण्याबाहेर ठेवता आला.

दुसरं, ब्लॅकआउट झालेल्याच्या, म्हणजे शुद्ध हरपलेल्याच्या, मानेला शिसं असेल तर ते चेहरा पुन्हा पाण्यात ओढतं. नेक वेट एका हाताने, न बघता सुटलं पाहिजे. जाड सूट म्हणजे जास्त शिसं आणि जास्त शिसं म्हणजे बडीच्या हातात जास्त ओझं. दीडच्या बाजूने हे माझ्या मते सगळ्यांत वजनदार कारण आहे.

तिसरं थंडीचं. एआयडीएच्या स्पर्धेत वर आल्यावर १५ सेकंदांच्या आत चेहऱ्यावरची साधनं काढायची, हाताने ओकेची खूण करायची आणि ‘आय ॲम ओके’ म्हणायचं असतं. बोटं बधिर झाली असतील तर नोज क्लिप (नाकाचा चिमटा) सुटता सुटत नाही. आज घड्याळ लावून बघितलं: गार पडलेल्या हाताला उबदार हातापेक्षा दुप्पट वेळ लागला. चांगली झालेली डाइव्ह यात बाद होऊ शकते.

आणि सूट कोणताही असो, पाण्यात एकट्याने श्वास रोखायचा नाही. ऊब मिळाली की जास्त वेळ थांबावंसं वाटतं, म्हणून हे इथेही लिहितो.

२२ फेब्रुवारी

पूलचं पाणी आज जास्त तापलेलं होतं, तापमापकावर जवळपास ३० अंश. ३ मिमी घालून डायनॅमिकचा टेबल (ठरलेल्या विश्रांतीने एकामागून एक डाइव्ह) करणारी दोघं मधेच बाहेर आली, चेहरे लाल. दीडमधल्यांना काही त्रास नाही. स्टॅटिकसाठीही आज दोनचा सूट पुरला. दाराशी तापमापक बांधून ठेवावा आणि आत उतरण्याआधी आकडा बघून सूट निवडावा. एका अंशाने कितपत फरक पडेल असं वाटतं, पण १३ जानेवारीच्या हिशोबात त्वचा आणि पाणी यांच्यातलं अंतर तीनच अंशांचं होतं. त्यातला एक अंश म्हणजे एक तृतीयांश.

१ मार्च

ऑर्डर ठरली.

डायनॅमिक करणाऱ्यांसाठी १.५ मिमी, एकसंध, बाहेरून स्मूथस्किन, खांद्याला सगळ्यांत मऊ रबर. सडपातळ मंडळींना २ मिमी, त्यात खांदे आणि काखा दीडच्याच. जोडीदाराला हाच घ्यायला लावला आहे. सोबत प्रत्येकाला पातळ टोपी, आणि भिंतीजवळ घालायला चेनची ३ मिमी जाकिटं गटाच्या मालकीची, ती सगळ्यांत फिरतील.

स्टॅटिकसाठी ३ मिमी, आतून ओपन सेल, बाहेरून स्मूथस्किन. हे मोजकेच घेतोय, कारण स्टॅटिकच्या दिवशी सगळे एकदम पाण्यात नसतात. मापं जवळपासची असणाऱ्यांच्या जोड्या लावल्या आहेत.

५ मिमी घेत नाही. पाणी २४ अंशांच्या खाली असलेल्या पूलमध्ये स्टॅटिक करायची वेळ आली तर उसना आणता येईल.

ज्याला एकच सूट परवडतो आणि दोन्ही प्रकार करायचे आहेत त्याने २ घ्यावा आणि स्टॅटिकला मोजे, टोपी आणि जाकीट वापरावं. पहिल्या दिवशी मी इथे ३ लिहिलं असतं. आता लिहिणार नाही, कारण कमी पडलेली ऊब वरून चढवता येते, पण सूटमुळे घ्यावं लागलेलं शिसं डाइव्हच्या मधे उतरवता येत नाही.

मापं घेणाऱ्यांसाठी: छातीचा घेर पूर्ण श्वास भरून घ्यायचा, सोडून नव्हे. गळ्याचं माप बोट आत ठेवून. मनगट आणि घोटा मात्र अंगासरशी, पाणी तिथूनच शिरतं. बाहीची लांबी हात डोक्यावर ताणून मोजायची. सूट आले की प्रत्येक सत्रानंतर साध्या पाण्यात आतून-बाहेरून खळबळून क्लोरीन काढायचं आणि सावलीत, रुंद हँगरवर वाळवायचं. जोडीदाराकडे सगळ्यांच्या मापांचा कागद दिला आहे. दोघांची बाहीची मापं अजून यायची आहेत, ती आली की ऑर्डर जाईल.